रुईशी लावलेलं लग्न

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की लोक लोणारच्या सरोवराची हकीकत ऐकायला सरसावून बसतात. त्यांची निराशा आधीच करून टाकतो. मी लोणारला गेलो नाही. मी वरवट बकालच्या पलीकडच्या एका खेड्यात गवत गोळा करायला गेलो, आणि तिथे माझं लग्न लागलं. नवरी म्हणजे रुईचं झुडूप होतं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.

शेगावच्या पुढे

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या राज्यात कुठे काय उगवतं ते बघावं असं वर कुणाच्या तरी मनात आलं, आणि पुण्यात आमच्या संस्थेतून सातपुड्याचा पायथा माझ्या वाट्याला आला. बाकीच्यांना बायकापोरं होती. मी तिशी ओलांडलेला सडाफटिंग, जुन्नरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरचे म्हणत, "शाळा शिकून शेवटी गवतच उपटायचं होतं, तर इथे काय कमी होतं?"

शेगावला उतरलो, एसटीनं वरवट बकाल गाठलं. तिथं उकर्डाजी पाटलांची दमणी आली होती. दमणी म्हणजे बैलांची हलकी, पळणारी गाडी. ती इतकी पळाली की माझा नमुने ठेवायचा पत्र्याचा डबा दोनदा आणि मी एकदा खाली पडलो. चहूकडे काळीभोर जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांची खुंटं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. झाडं शोधायला आलेल्या माणसाला बाभळीखेरीज झाड दिसेना.

उकर्डाजींच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. माणूस भारदस्त, मिशा पांढऱ्या. पाणी देण्याआधी त्यांनी माझं गाव, कूळ, शेती, मामाचं गाव, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आपल्यातलेच निंगाले. मंग घरातच रहा."

चहा आला. पहिला घोट घेतला आणि शक्य तितक्या पुणेरी सभ्यतेनं म्हणालो, "पाटील, चहात चुकून मीठ पडलंय वाटतं."

दाराआडून फसकन् हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"मीठ नाई पडलं साहेब," पाटील म्हणाले. "पानीच तसं हाये. आमचा खारपान पट्टा. इथी पोट्टे जन्मतात थे बी खारटच."

दाराआडची ती गिरजा. पाटलांची विधवा सून. नवरा मागे नदीच्या पुरात वाहून गेला, असं मला त्याच संध्याकाळी सांगण्यात आलं. घरात पाटील, ती आणि लग्नाची नणंद शेवंता, एवढीच माणसं.

शेळ्या आणि फडा

आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घेणार का?" असं विचारतात, आणि 'नको' हे उत्तर मिळालं की यजमान सुटतो. वऱ्हाडात विचारतच नाहीत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. चौथ्या भाकरीला मी हात जोडले, तर आतून आवाज आला, "गवत उपटाची मजुरी जड असते. खा बाप्पा."

तिच्याशी माझी ओळख झाली ती शेळ्यांमुळे. वनस्पतीचा नमुना टीपकागदात दाबून रोज उन्हात पालटावा लागतो. मी आठवडाभराचे नमुने अंगणात मांडले आणि बैठकीत जाऊन डुलकी काढली. उठून पाहतो तर शेजारच्या दोन शेळ्या सरकारी कामाचा फडशा पाडत होत्या. मी "हड् हड्" करत धावलो, धोतरात पाय अडकला आणि शेळ्यांच्या पुढ्यात लोटांगण घातलं. गिरजा तुळशीपाशी उभी होती. पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना.

"पुन्याहून शेळ्यायले चारा घालाले आले का तुमी?" ती म्हणाली. माझ्याशी थेट बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी माझ्या टीपकागदांत एक अनोळखी गवताची काडी नीट दाबून ठेवलेली सापडली. मी भिंग लावलं. दोन तास पुस्तकं चाळली. जेवताना मोठ्यानं पाटलांना सांगितलं की तुमच्या शिवारात एक दुर्मीळ गवत आहे. दाराआडून तिनं घर झाडायचा फडा पुढे सरकवला. त्यातली एक काडी तुटलेली होती.

त्या दिवसापासून मी खलास झालो. हे वाक्य शास्त्रज्ञाला शोभत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. सकाळी रानात जायचो आणि संध्याकाळी परत येताना मनात वनस्पती कमी आणि तिला सांगायच्या गमती जास्त असायच्या. तीही दाराआडून चौकटीत आली, चौकटीतून ओसरीवर. हसायची, टोमणे मारायची. फक्त दुपार विचारली की तिचं तोंड मिटायचं. दुपारी ती फडक्यात भाकरी बांधून शेताकडे जायची. कुणासाठी, ते कळेना. परत आली की न्हाणीत राखेनं हात घासत बसायची, कोपरापर्यंत.

एकदा तिनं माझ्या औषधाच्या पेटीतलं आयोडीन आणि पट्ट्या मागितल्या. "बैलाच्या खांद्याले जखम हाये," म्हणाली. मी सगळी बाटलीच दिली. जनावरावर एवढी माया करणारी बाई म्हणून आणखीच विरघळलो. मग संध्याकाळी गोठ्यात जाऊन चारही बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला. एकालाही ओरखडा नव्हता.

नाल्याकाठी

मी काय समजलो असेन ते सांगायला नको. दुपार, भाकरी, खोटा बैल. मनात एक धडधाकट, मिशाळ प्रतिस्पर्धी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी डबा खांद्याला लावून, वनस्पतिशास्त्राच्या नावाखाली मी तिच्या मागे निघालो.

पाटलांच्या शेताच्या टोकाला खोल नाला आहे. त्यात बाभळीच्या गर्दीत एक खोपट होतं. गिरजा आत वाकली. मी बाभळीआड बसलो, आणि बसलो तो काट्यांवर. ओरडू की नको या विचारात असतानाच आतून पुरुषाचा आवाज आला:

"या साहेब. बाभयीखाली काऊन बसले? थ्या काट्यायले इख असते."

मी जितक्या ऐटीत आत शिरता येईल तितक्या ऐटीत शिरलो. गोधडीवर एक माणूस बसला होता. मला पाहून त्यानं हात घोंगडीखाली घेतले, पण मी पाहिले होते. बोटं उरली नव्हती. नाक बसलेलं. गिरजेच्या मांडीवर त्याचं पाऊल होतं आणि शेजारी माझी आयोडीनची बाटली.

ती वर बघेना. तोच बोलला.

"मी सुखदेव. याइचा मालक. पुरात वाहून गेलो थोच. मुडदा गवसला नाई म्हनून महाराजानं पयसाच्या पानाचा पुतया केला अन् थो चितेवर जायला. तेराव्याले बुंदी होती. इनं मले आनून देल्ली. साहेब, सोताच्या तेराव्याची बुंदी खाल्लेला मानूस तुमी पुन्यात पाह्यला का?"

"कमी बोला," गिरजा म्हणाली.

"मेलेल्या मानसाले कायचं कमी? तुमच्या शेळ्यायची गोष्ट सांगतली इनं. लय हासलो. हासलो तं ओठ फाटला."

मी दाराशी उकिडवा बसलो. काय झालं ते त्या दोघांच्या बोलण्यातून कळलं. अंगावर चट्टे उठले, मग बोटं झडू लागली. रगतपिती, म्हणजे महारोग. घरात शेवंता लग्नाची. रगतपितीवाल्याची बहीण कोण करणार? त्या वर्षी पूर आला आणि पाटलांनी मुलगा पुरात वाहवला. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. गावासमोर ती विधवा आणि नाल्यात सवाष्ण. खोपटातल्या एका डबीत कुंकू होतं. पाय धुऊन झाले की तो म्हणायचा म्हणून ती तिथे लावायची आणि निघताना पुसायची.

मी विज्ञानाचा माणूस. तावातावानं सांगितलं की या रोगावर आता गोळ्या आहेत, अमरावतीकडे एक आश्रम आहे, तिथे नेऊ. सुखदेवनं ऐकून घेतलं.

"शेवंताचं लगन होऊ द्या. मंग कुठं न्याचं थे न्या. अन् साहेब," त्यानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "इले बी न्या."

गिरजेनं त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला, जरा जोरानंच, आणि बाहेर निघून गेली.

चार दिवसांनी पाटलांनी मला मळ्यात गाठलं. कडुनिंबाची काडी चावत उभे राहिले. "तुमाले समदं समजलं म्हने. मले पापपुन्य सांगू नोका. पोरगं जितं हाये अन् मी त्याचं श्राद्ध घालतो, मले ठावं हाये मी कोन हाओ." मग म्हणाले, "लोक बोलून राह्यले. पाटलाची सून दुपारी नाल्यात काऊन जाते म्हनून. तुमी पाट लावून न्या थिले."

पाट म्हणजे विधवेचा पुनर्विवाह. या लोकांत तो चालतो, दिवेलागणीनंतर, वाजंत्रीशिवाय.

मी गिरजेला विचारलं. ती दळत होती. जातं थांबवून म्हणाली, "आधी त्याइले आश्रमात पोचवाचं. माह्या डोयानं पाहीन. खाट कशी हाये, भाकर कोन देते, पाय कोन धुते. मंग मी तुमची."

"आणि मी आवडतो का?" हे मी विचारलंच. अशा वेळी असले प्रश्न मलाच सुचतात.

"फडा दाखवला तवाच नाई का समजलं?" ती म्हणाली आणि पुन्हा दळू लागली.

रोहिणखेड

गिरजेचं माहेर रोहिणखेडचं. पाटील म्हणाले, चला, जुनी मशीद दाखवतो, बघण्यासारखी आहे. मशीद खरोखरच बघण्यासारखी आहे. दगडी कमानी, आत गारवा. मी एका कमानीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ बघत होतो, आणि मागे चारपाच माणसं मला बघत होती. ते तिचा भाऊ आणि भाऊबंद होते. मशिदीची नव्हे, माझी पाहणी चालली होती.

"दात हालत नाईत ना?" भावानं विचारलं. बैल घेताना विचारतात तसं.

"एक दाढ," मी प्रामाणिकपणे म्हणालो. पसंत पडलो.

भावाला सुखदेवचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं बहिणीचं भलं होतंय म्हणून डोळे पुसले आणि मला पातोडीची भाजी इतकी खाऊ घातली की परतीच्या एसटीत मी मोताळ्यापर्यंत उभा आलो. बसताच येईना.

शेवंताचं लग्न मेहकरच्या स्थळाशी झालं. नवरामुलगा कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला, घर खातंपितं. ती गाडीत बसताना वहिनीच्या गळ्यात पडून रडली. गिरजा रडली नाही. पोरीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि तिचा पदर नीट केला. त्या रात्रीपासून पाटील प्रथमच शांत झोपले, असं तेच म्हणाले.

पाटाची तारीख चैत्रातली ठरली. दुसऱ्या दिवशी पहाटे दमणी शेगावला जाणार, सुखदेव घोंगडी पांघरून आत, आम्ही दोघं बरोबर. सगळं जमलं होतं. मी पुण्याला भाड्याच्या दोन खोल्या बघायला मित्राला कळवलं होतं, पाणी गोडं असेल अशा.

बांधावरचं लग्न

आता रुई. कुवाऱ्यानं विधवेशी पाट लावायचा तर त्याचं पहिलं लग्न रुईच्या झुडपाशी लागावं लागतं. मग रुई उपटून टाकायची, म्हणजे नवरा विधुर झाला, आणि विधुरानं विधवा करायला हरकत नाही. माझ्या आईला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, एवढी वर्षं मुली दाखवल्या आणि यानं बांधावरचं झुडूप केलं.

सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. महाराजांनी, म्हणजे गावच्या भटजींनी, एक रुई निवडली, तर मी अडलो. म्हटलं, "ही नको. ही लहान जात. ती पलीकडची मोठी, पांढऱ्या फुलांची घ्या." मग दोन्ही जातींतला फरक मी पानं उलटून दाखवला. लोक म्हणाले, नवरदेव लय चिकित्सक, दोन पोरी पाहून तिसरी पसंत करन. झुडपाला हळद लावली, पिवळा दोरा बांधला, अंतरपाट धरला. ज्वारीच्या अक्षता पडल्या. मी पुण्याचा पदवीधर, डोक्याला मुंडावळ्या, समोर रुई. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

रुई उपटली. लोक माझं सांत्वन करायला पुढे आले, "भर जवानीत गेली बिचारी!" हशा पिकला. तेवढ्यात वाटेवरून गिरजा आली. दुपारची भाकरी द्यायला गेली होती, आज सकाळीच, पुरणपोळी घेऊन. फडकं तसंच बांधलेलं हातात होतं.

ती बांधाशी थांबली. सगळ्यांसमोर, साध्या आवाजात म्हणाली:

"मामाजी, बैल मेला."

"कोन्ता वो?" कुणीतरी विचारलं.

"म्हातारा."

पाटील जागच्या जागी खाली बसले. लोक म्हणाले, शुभ दिवशी जनावर गेलं, वाईट झालं; आणि आपापल्या घरी गेले.

खोपटात सुखदेव कुशीवर पडला होता. हलका, वाळलेला. घोंगडी हनुवटीपर्यंत नीट ओढलेली. मी नाडी बघायला वाकलो, तेवढ्यात गिरजेनं छपराच्या काड्यांत हात घातला आणि एक भाकरी बाहेर काढली. दगडासारखी झालेली. मग दुसरी. मग आणखी. ती काढत गेली आणि ओळीनं मांडत गेली. एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. रोहिणखेडहून पाट पक्का करून आम्ही परतलो तेव्हापासूनच्या भाकऱ्या होत्या त्या.

"माह्यासमोर खात नव्हते," ती म्हणाली. "म्हनत, तू माह्या हाताकडं पाह्यते, मले लाज वाटते. ठेवून जा, मांगून खाईन."

त्यानं नाल्यात बसून हिशेब केला होता. आश्रमात पोचला असता तर ती वर्षातून चार वेळा धावली असती. त्याला तिला अर्धी सोडायची नव्हती.

खांदा द्यायला चार माणसं लागतात. आम्ही तिघं होतो, त्यांत एक बाई, आणि तिघं पुरलो. नाल्यात पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यातच त्याला ठेवलं. चैत्रात जो तो पऱ्हाट्या जाळतो. धूर पाहून कुणाला काही वाटलं नाही. पाटलांनी अग्नी दिला. ज्वाळा बसल्यावर त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गिरजे, आंघोय कर. सांजच्याले पाट हाये. लोक जेवाले येतीन."

ती वळली. "मामाजी, पयले पयसाचे पानं जायले तवा मले रडाले लावलं. आता मानूस जायला, तं हळद लावाले लावता?"

"शेवंता मेहकरले हाये बाई," पाटील म्हणाले. "आज तू रडली तं उद्या थे परत येईन."

तिनं काठीनं निखारे सारले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमची बायको मेली ना सकायी?"

मला कळेना.

"थिचं सुतक धरा. दहा दिवस. दहावा करा."

"रुईचं कोनी सुतक धरते का?" पाटील म्हणाले.

"पुन्यात धरतात म्हना. पुन्याचं काईबी सांगा, लोकायले पटते."

आणि पटलं. मी चावडीवर जाऊन गंभीरपणे सांगितलं की आमच्याकडे रुई म्हणजे धर्मपत्नी. तिचं सुतक पाळल्याखेरीज पाट लागत नाही. गावाला इतका आनंद कधी झाला नसेल. लोक वरवट बकालहून मला बघायला आले. मी ओसरीवर घोंगडीवर बसायचो, बायका येऊन विचारायच्या, "स्वभावानं कशी होती जी?" मी म्हणायचो, "अबोल." हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत अंधाऱ्या खोलीत गिरजा भिंतीला डोकं लावून रडत असायची, मोकळ्या गळ्यानं. बायका म्हणायच्या, पाट लांबला म्हणून रडते, उतावीळ झाली आहे. तिला ते चालत होतं. तिला हवं होतं तेच घडत होतं: घर रोज संध्याकाळी दिवा लावून, चूल थंड ठेवून तिच्या माणसाचं सुतक पाळत होतं.

वानेकाठी

दहाव्याला सगळं गाव वान नदीवर लोटलं. पाणी डबक्यांपुरतं. न्हाव्यानं माझा गोटा केला. पाटील माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, माझाबी कर, पाहुन्याले सोबत. लोक म्हणाले, पाटीलबी पुनेकर झाले.

पिंड मांडले. महाराज मजेत होते. म्हणाले, "नाव सांगा. कोनाच्या नावानं देऊ?"

पाटलांचे ओठ हलले, पण आवाज नाही. गिरजा बायकांत मागे उभी. नवऱ्याचं नाव ती तशीही घेत नव्हती, आणि घेता येत नव्हतं. महाराज माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी रुईचं शास्त्रीय नाव सांगितलं. कॅलोट्रोपिस. महाराजांनी तीनदा अडखळून ते मंत्रात बसवलं. काठावरचा माणूस न् माणूस लोळला. पाटील मान खाली घालून हातावर पाणी सोडत होते.

आम्ही मागे सरलो. कावळा झाडावरून सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. क्षणही लागला नाही.

"रुई समाधानी गेली!" कुणीतरी ओरडलं.

गर्दी पांगल्यावर गिरजा पाण्याच्या कडेला आली. तिनं माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि किंचित हसली. मला वाटलं, आता ठरलं.

"कावया पाह्यला?" ती म्हणाली. "त्याइचं काईच राह्यलं नाई. समदं मनासारखं झालं त्याइच्या."

"मग?"

"माह्यं राह्यलं ना." पदर खोचत ती म्हणाली, "उपाशी राहून त्याइनं मले तुमाले देल्लं. तुमच्या घरी मी भाकर थापीन अन् तुमी मोडसान. पयला घास तुमी घेतला का मले छपराकडं पाहावं वाटन. रोज. तुमचा काई गुन्हा नाई. पर मी असं देल्लेलं नाई घेऊ शकत. तुमालेबी घेऊ देनार नाई."

मी खूप बोललो. पुणे, दोन खोल्या, गोडं पाणी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण मी वानेच्या वाळूत, गोटा करून, ओल्या पंचावर दिलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "शेवंताचं पयलं बायंतपन कराचं हाये मले," आणि चढण चढून बायकांना जाऊन मिळाली.

गावात पाटलांनी सांगितलं, पाहुण्यानंच माघार घेतली, पुण्याचे लोक असेच. मला कबूल होतं. गिरजेला कुणी नाव ठेवलं नाही, उलट कीव केली. दमणी निघताना ती दारात आली नाही. आतून जात्याचा आवाज येत होता.

मलकापूरच्या पुढे

शेगावला गाडी वेळेवर होती. डब्यात माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, भुसावळला निघालेले, पायाशी लोणच्याची बरणी. मलकापूर गेलं. म्हणजे जिल्हा मागे पडला. इथे मला कुणी ओळखत नव्हतं, आणि मेहकरचंही कुणी नव्हतं. गृहस्थांची नजर माझ्या डोक्यावरच्या खुंटांवरून फिरली.

"कोणी वारलं का हो घरचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सुखदेवचं नाव सांगितलं. खरं नाव, इथे लिहिलंय ते नव्हे. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं.

"वय?"

"तिशीच्या आतबाहेर."

"अरेरे," म्हातारे म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "लई वाईट झालं."

मी मान हलवली. मग तोंड फिरवून बसलो. बोदवडपर्यंत त्यांनी टोपी घातली नाही.